न निघणाऱ्यांची वही

दर वर्षी एक जूनला कचेरी उघडली की ढगेबाबू लोखंडी कपाटातून नारंगी लाईफ जॅकेट काढायचे, शर्टावर चढवायचे, तिन्ही पट्टे आवळायचे आणि तसेच खुर्चीवर बसून दिवसभर फायली बघायचे. बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन. वरचा पंखा बंद, कारण लाईट गेलेली. उत्पन्नाचा दाखला मागायला आलेला माणूस दारातच थबकायचा.

"साहेब, पाणी शिरलं का काय कचेरीत?"

"अजून न्हाई," ढगेबाबू मान वर न करता सांगायचे. "तुमचं काय काम हाय?"

जॅकेटं होती बारा, म्हणून हा प्रकार बारा दिवस चालायचा. रोज एक. मी एकदा विचारलं, नुसतं बघून ठेवलं तर चालत नाही का? तर म्हणाले, "ताई, पट्टा कुठं काचतो ते दिवसभर घातल्याबिगर कळत न्हाई. पुरातला माणूस आधीच भेलेला असतो. त्याला काचायला नको."

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या तहसिलीतली ही गोष्ट. कोणत्या ते सांगत नाही, मला अजून तिथंच नोकरी करायची आहे. मी तलाठी. सरकारनं आता आमच्या पदाचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी असं भारदस्त केलं आहे, पण गावात मी अजून तलाठीताईच आहे, आणि ढगेबाबूंसाठी नुसती ताई. माझ्याकडे पूर्णा नदीच्या काठचं धारेगाव होतं. ढगेबाबूंकडे नैसर्गिक आपत्तीचं टेबल. या टेबलावर माणसाला शिक्षा म्हणून बसवतात. ढगेबाबू मात्र आठ वर्षांपूर्वी स्वतः अर्ज देऊन तिथं बसले होते. तेव्हाच्या साहेबांनी म्हणे अर्ज दोनदा वाचला, आडनाव बघितलं आणि हसून सही केली.

आमच्या खात्याची पूरपूर्व तयारी हा एक बघण्यासारखा सोहळा असतो. मे महिन्यात बैठक होते. बैठकीत मागच्या वर्षीच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून कायम करतात. मग सगळे तलाठी 'सज्ज' असल्याचा अहवाल देतात. मग रंगीत तालीम. माझ्या पहिल्या वर्षी ती धारेगावच्या घाटावर ठेवली होती. तारीख वरून आलेली आणि नदीत पाणी नाही. पात्रात कलिंगडाचे वेल पसरलेले. तालुक्याची एकुलती एक रबरी बोट ढगेबाबूंनी पायपंपानं तासभर फुगवली, आठ कोतवालांनी ती खांद्यावर घेतली, आणि साहेबांना तीत बसवून वाळूतून या काठाहून त्या काठाला सुखरूप नेलं. फोटो काढले. साहेब उतरल्यावर ढगेबाबू त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "सर, तुमाला वाचवायला सतरा मिन्टं लागली. पाणी असतं तर कमी लागली असती." ते विनोद करत नव्हते. त्यांच्या हातात घड्याळ होतं.

पावसाळा सुरू झाला की रोज संध्याकाळी जिल्ह्याला अहवाल जातो. जीवितहानी, पशुहानी, घरांची पडझड. बहुतेक कारकून तीनही रकान्यांत सकाळीच 'निरंक' लिहून मोकळे होतात. संध्याकाळी नुसतं पाठवायचं. ढगेबाबूंना याचा भयंकर राग. ते संध्याकाळी पाच वाजता फोन घेऊन बसायचे आणि नदीकाठच्या एकेका गावाला फोन लावायचे. पोलीस पाटील, कोतवाल, कुणी न उचलला तर पिठाच्या गिरणीवाला.

"हां पाटील, ढगे बोलायलोय. पाणी कुठवर हाय? पायरी सांगा, पायरी. 'हाय थोडं' म्हणू नका, थोडं म्हंजे किती? बरं. शेतातून समदे परत आले का? मोजले का तुमी? मंग कसं म्हणायलाव आले म्हणून?"

सगळी गावं झाली की चष्मा पुसायचा आणि मग 'निरंक' लिहायचं. "निरंक आयतं मिळत न्हाई, ताई," ते मला म्हणायचे. "कमवावं लागतंय." हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं आहे, की आता पगाराच्या दिवशीसुद्धा आठवतं.

पण त्यांचं खरं वेड ती वही होती.

पूर आला की गाव रिकामं करायचं, असं कागदावर सोपं असतं. कुटुंबं इतकी, माणसं इतकी, शाळेच्या खोल्या इतक्या. ढगेबाबूंचं म्हणणं, कागदावरची माणसं निघतात, घरातली निघत नाहीत. म्हणून त्यांनी निळ्या पुठ्ठ्याच्या दोनशे पानी वहीत न निघणाऱ्यांची यादी केली होती. गाववार. ती कुठल्याही शासन निर्णयात बसत नव्हती. तीन रकाने. नाव, का निघणार नाही, आणि कशानं निघेल. हे भरण्यासाठी ते उन्हाळ्यात रविवारी एसटीनं, पायी, कुणाच्या मोटरसायकलवर गावोगाव फिरायचे. लोकांच्या ओसरीवर बसून चहा प्यायचे आणि सहज विचारल्यासारखं विचारायचे, "पाणी आलंच, तर तुमी काय करताल हो?"

मी ती वही वाचली आहे. 'गंगूबाई. कोंबड्यांपायी निघणार नाही. आधी कोंबड्या न्याव्यात, मागोमाग स्वतः येते.' 'सोपानराव. कुणाचं ऐकत नाही. त्यातल्या त्यात ताडकळसच्या बाजारातल्या चहावाल्याचं ऐकतो, त्याचा नंबर सोबत.' 'दत्तराव. सख्ख्या भावाशी अबोला. भावानं "जाऊ नको" म्हटलं की निघेल.'

कचेरीत या वहीची टर उडायची. त्यांच्या टेबलाला लोक पूर म्हणायचे नाहीत, वधूवर सूचक म्हणायचे. एकदा जिल्ह्याहून फर्मान आलं, आपत्ती कामावरच्या प्रत्येक कर्मचाऱ्यानं स्वतःचा आपत्कालीन संपर्क द्यावा. म्हणजे त्याला काही झालं तर कुणाला कळवायचं ते. सगळ्यांनी बायकोचा, भावाचा, मुलाचा नंबर दिला. ढगेबाबूंनी दिला तो तालुका नियंत्रण कक्षाचा. म्हणजे त्यांच्याच टेबलावरच्या फोनचा.

"बाबू, हा तर तुमचाच नंबर झाला," मी म्हटलं.

"व्हय. तिथं मीच असतो. लगेच कळंल."

सगळे खो खो हसले. मीपण हसले. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि स्टेशनकडच्या एका खोलीत ते डब्यावर राहत होते, एवढं सगळ्यांनाच ठाऊक होतं. ठाऊक असूनही हसलो.

त्या सप्टेंबरात पाऊस थांबेचना. सोयाबीन शेतातच काळं पडत होतं. एका सकाळी आठच्या सुमाराला ग्रुपवर निरोप आला, वरच्या धरणाचे दरवाजे उघडले आहेत, नदीकाठी सतर्क राहावं. खाली धडाधड अंगठे पडले. मी अंगठा टाकत होते, तेवढ्यात दारात जीप वाजली. आत पुढच्या सीटवर ढगेबाबू, जॅकेट घालून.

"ताई, चला. धारेगावच्या खालच्या वस्तीत चार वाजेपर्यंत पाणी येतंय."

"ग्रुपवर तर नुसतं सतर्क राहा म्हणून आलंय."

"ग्रुपला मालूम न्हाई. म्या गेटवाल्याला विचारलंय. लवकर बसा."

धारेगावची खालची वस्ती म्हणजे नदीच्या वळणावर पस्तीस-चाळीस घरं. आम्ही पोचलो तेव्हा लोक ओट्यावर उभे राहून पाणी बघत होते, जसं क्रिकेट बघावं तसं. मी स्पीकरवरून सूचना दिली. ग्रामस्थांनी तात्काळ सुरक्षित स्थळी स्थलांतर करावं. कुणी हाललं नाही. एक म्हातारा म्हणाला, "आवाज चांगला हाय बाईचा."

ढगेबाबूंनी वही उघडली.

पुढच्या काही तासांत मी जे पाहिलं, ते कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत. गंगूबाईच्या कोंबड्या त्यांनी स्वतः डालग्याखाली झाकून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवल्या. गंगूबाई शिव्या देत मागून आली आणि कोंबड्यांशेजारी बसली. सोपानरावांच्या कानाला फोन लावला, पलीकडून चहावाला काय बोलला कुणास ठाऊक, सोपानराव धोतर सावरत निघाले. दत्तराव दाराला आडवा पाय लावून बसले होते. ढगेबाबूंनी त्यांच्या भावाला पकडून आणलं आणि कानात सांगितलं. भाऊ अंगणात उभा राहून ओरडला, "दत्त्या, जाऊ नकोस बरं का! काय व्हत न्हाई पाण्यानं!"

दत्तराव ताडकन उठले. "हा मला शिकवायलाय? काढा रे गाडी!"

तीनच्या आत वस्ती रिकामी झाली. एक घर सोडून.

अगदी नदीला लागून, बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेला मेंढरांचा वाडा आणि शेजारी एक खोली. तिथं रुखमाआजी राहायची. सत्तरीची, काटक, एकटी. पोरं पुण्याकडे कामाला गेलेली. हिच्याजवळ तीसेक मेंढरं. मी वहीत डोकावले. नाव होतं. 'का निघणार नाही' मध्ये लिहिलं होतं, 'सांगत नाही.' आणि 'कशानं निघेल' हा रकाना कोरा होता. अख्ख्या वहीत तेवढाच.

"चार खेपा केल्या ताई उन्हाळ्यात," ढगेबाबू म्हणाले. "च्या पाजती, बोलत न्हाई."

आजी बाजेवर बसली होती. पाणी कुंपणापासून वीसेक पावलांवर, गढूळ, वर कडब्याच्या पेंढ्या वाहत होत्या. मेंढरं एका कोपऱ्यात एकमेकांत डोकी खुपसून उभी.

"आजी, चला. मेंढरंबी न्यायची," ढगेबाबू म्हणाले. "ट्रॉली हाय."

"न्हाई येत."

"पाणी यायलंय आजी."

"येऊ दे. म्या लय बार पाह्यलंय पाणी." मग तिनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. नारंगी जॅकेट, कानाला अडकवलेला पेन, बुटांत शिरलेला चिखल. "तुझ्या घरी कोन हाय रे?"

"कोणी न्हाई."

"मंग तुला काय मालूम घर सोडणं कसं असतंय ते?"

ढगेबाबूंनी जॅकेटचे तिन्ही पट्टे सोडले, ते बाजेवर तिच्याशेजारी ठेवलं आणि म्हणाले, "हे तुमी घाला." तिनं हातानं बाजूला सारलं. ढगेबाबू खाली बसले, बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले आणि बाजेवर मांडी घालून बसले.

"बाबू!" मी ओरडले. "काय करायलाव तुम्ही?"

"बसायलोय. आजी एकट्या कशाला बसतेत? ताई, तुमी जा वर."

पाणी कुंपणाच्या पायथ्याशी आलं. बाभळीच्या काट्यांतून सुळसुळ आत आलं. ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता. मला रडू येत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही येत होता, कारण उद्याच्या अहवालात जीवितहानीच्या रकान्यात मला यांचं नाव लिहावं लागणार, असं डोक्यात आलं होतं. सरकारी नोकरी माणसाचं असं करते.

आजीनं त्यांच्याकडे बघितलं. "पवता येतंय का तुला?"

"न्हाई."

"बिल्कुल न्हाई?"

"विहिरीतबी कव्हा उतरलो न्हाई. भ्या वाटतंय पाण्याचं. लहानपनापासून."

"आन् हितं बसायलास?"

"तुमी बसल्याव, म्हणून."

पाणी बाजेच्या खुराला लागलं. आजी उठली. जॅकेट उचललं आणि ढगेबाबूंच्या अंगावर भिरकावलं. "येडा हायस का रे मुडद्या? ऊठ! ऊठ म्हनते ना! ए बाई, धर याला. ह्याला मारून माझ्या डोक्यावर पाप घालतो का काय!" आणि तिनं वाड्याचं फाटक उघडलं, तोंडानं हुर्र हुर्र असा आवाज काढला, आणि पुढे ढगेबाबू अनवाणी, मागे तीस मेंढरं आणि त्यामागे काठी उगारलेली आजी, अशी ती वरात वर आली.

शाळेच्या दारात गुरुजी आडवे झाले. शाळेत माणसांची सोय आहे, जनावरं चालणार नाहीत. ढगेबाबू ओले, धापा टाकत. म्हणाले, "गुरुजी, आदेशात 'कुटुंब' लिहिलंय. कुटुंबात कोण कोण, ते आजी सांगतील." मेंढरं व्हरांड्यात राहिली. पाचवीच्या वर्गाला अजून त्यांचा वास येतो म्हणतात.

त्या रात्री खालच्या वस्तीत पुरुषभर पाणी होतं. आजीची खोली पडली. अहवालात मी जीवितहानी निरंक लिहिलं. नंतर ढगेबाबूंची वही सहज उघडली. तो कोरा रकाना भरला होता. 'रुखमाआजी. कशानं निघेल : दुसऱ्याला बुडू देत नाही.'

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण निवारा केंद्र आणखी चार दिवस चाललं, आणि त्या चार दिवसांत मी ढगेबाबूंना ओळखलंच नाही.

त्यांची ड्यूटी तालुक्याला होती. ते गेलेच नाहीत. बाकावर झोपायचे. सकाळी चुलीपाशी बसून चहा गाळायचे, आणि कुणाला बिनसाखरेचा, कुणाला अद्रक घालून, कुणाच्या सुनेला दूध जास्त, हे त्यांना तोंडपाठ. दुपारी सोपानरावांबरोबर पत्ते. दत्तराव आणि त्यांचा भाऊ एकाच सतरंजीवर पाठी करून झोपायचे, ढगेबाबू त्या दोघांच्या मधे. पिठलं-भाकरीच्या पंगतीत वाढताना ते चक्क मोठ्यानं हसायचे. आठ वर्षं त्यांच्याबरोबर काम केलेल्या शिपायानं मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, बाबूंची तब्येत बरी हाय ना?"

पाचव्या दिवशी सकाळी आदेश आला. पूर ओसरला असल्यानं निवारा केंद्र बंद करावं. मी तो घेऊन शाळेत गेले. ढगेबाबू कांदे चिरत होते. आदेश वाचला, घडी घातली.

"आज कसं जमंल ताई? घरात चिखल असंल."

"काल लोकांनी जाऊन काढला."

"साप असतेत चिखलात."

"बाबू, तुम्हीच काल फिनेल टाकून आलात."

"विहिरीत टीसीएल पावडर?"

"परवा टाकली. तुम्ही उभं राहून."

त्यांनी आणखी एक कांदा घेतला. "आज अमावस्या हाय. अमावस्येला बाया घरी जात न्हाईत."

भिंतीवर शाळेचं कॅलेंडर होतं. अमावस्या होऊन गेली होती. मी कॅलेंडरकडे बघितलं, त्यांनीही बघितलं. मग ते खाली बघून कांदा चिरत राहिले. कांद्यानं डोळ्यांत पाणी येतं, हे एक बरं असतं.

"संध्याकाळचं जेवण तरी हितं करू द्या," शेवटी म्हणाले. "पीठ दळून आणलेलं हाय."

पण लोकांना घराची ओढ लागली होती. पीठ तसंच राहिलं. अकरा वाजता ट्रॉल्या आल्या. गंगूबाईनं कोंबड्या मोजल्या. एकेक जण ढगेबाबूंना रामराम करून चढत होता, आणि ते प्रत्येकाला सांगत होते, वायरीला हात लावू नका, पाणी उकळून प्या. शाळा रिकामी होत गेली. सतरंज्या गोळा करणारा माणूस म्हणून फक्त तेच उरले.

शेवटच्या ट्रॉलीत रुखमाआजी होती. तिची खोली पडलेली, म्हणून ताडपत्री आणि चार बांबू मी सोबत दिले होते. मेंढरं चढवून झाली. आजीनं वरून हाक मारली.

"ए बाबू. चढ."

"मला ऑफिस हाय आजी."

"आज आइतवार हाय."

ढगेबाबूंनी माझ्याकडे बघितलं. हातात सतरंजीची गुंडाळी. "ताई, पडलेल्या घराच्या पंचनाम्याला एखादं माणूस लागंल न्हाई का?"

पंचनामा हे माझं काम. तो दुसऱ्या दिवशी, दोन पंच आणि गावचा कोतवाल घेऊन मी करणार होते. आपत्तीच्या टेबलाचा त्यात काडीचा संबंध नाही, हे मला माहीत होतं, आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त.

"लागेल की," मी म्हटलं. "तुम्ही पुढं व्हा. ताडपत्रीही कुणीतरी बांधून द्यायला हवी."

सतरंजी त्यांनी माझ्या हातात दिली. ट्रॉलीच्या चाकावर पाय देऊन, शिपायाच्या खांद्याचा आधार घेत चढले. आजीनं दोन मेंढरं ढकलून जागा केली. ट्रॅक्टर सुरू झाला, त्याच्या आवाजात ती ओरडून विचारत होती, "भाकर कंची खातूस? ज्वारीची का बाजरीची?"

ढगेबाबूंनी ट्रॉलीची कड घट्ट धरली.

"तुमी खाता ती," ते म्हणाले.